घोंगडी पांघरून मेजवानीला

हातातलं काम चालू राहू द्या. भाकरी थापता थापता, शेंगा फोडता फोडता ऐकलंत तरी चालेल. आज मी कर्जाचा हप्ता, व्याज, वहीखातं यातलं काहीच सांगणार नाही. आज एका मेजवानीची गोष्ट सांगणार आहे. पाहुणा होता राणीचा मुलगा, आणि त्याला भेटायला गेलेला आपला माणूस अंगावर घोंगडी घेऊन गेला होता.

गोष्ट जुनी आहे, पण आपल्या रोजच्या कामाची आहे. आपल्या गावातही मोठे पाहुणे येतात. कधी साहेब, कधी बँकेचे अधिकारी, कधी मंत्री, कधी बाहेरच्या संस्थेची माणसं. ते आले की आपण काय नेसायचं, कुठं उभं राहायचं आणि तोंडातून काय बाहेर काढायचं, हे बहुतेक वेळा दुसरंच कुणीतरी ठरवतं. म्हणून ही गोष्ट.

आधी राजेलोकांच्या मेजवान्या कशा असतात ते सांगते. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीनं १८६०च्या सुमारास राजवाड्याच्या बागेत दुपारच्या मेजवान्या द्यायला सुरुवात केली. त्याला गार्डन पार्टी म्हणतात. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात त्या आजही उन्हाळ्यात होतात. एकेका मेजवानीला हजारो पाहुणे असतात. हिरवळीवर तंबू, बँडबाजा, चहा, सँडविच, केक असा थाट असतो. कपडे कसे हवेत ते आधीच कळवलेलं असतं. राजा किंवा राणी आली की पाहुणे दोन्ही बाजूंना रांग करून उभे राहतात, मधून वाट होते, आणि त्या वाटेनं चालता चालता निवडक लोकांशी दोनचार शब्द बोलणं होतं. कुठून आलात, काय काम करता, एवढंच. उत्तर द्यायला मिनिटभर मिळालं तरी खूप.

इंग्रजांचं राज्य असताना असे समारंभ आपल्याकडेही होत. गव्हर्नर आला, राजपुत्र आला की शहरातले श्रीमंत लोक मेजवानी देत. जरीच्या पगड्या, शालजोड्या, हिऱ्यामोत्यांचे दागिने घालून सरदार, सावकार, रावबहादूर जमत. पाहुण्याला वाटे, काय हा देश! केवढी सुबत्ता!

अशीच एक मेजवानी पुण्यात झाली, २ मार्च १८८८ या दिवशी. पाहुणे होते ड्यूक ऑफ कॅनॉट आणि त्यांची पत्नी. हे ड्यूक म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा तिसरा मुलगा. त्या वेळी ते मुंबई इलाख्याच्या फौजेचे सरसेनापती होते. मेजवानी दिली होती हरी रावजी चिपळूणकर यांनी. ते पुण्यातले मोठं प्रस्थ आणि जोतीराव फुल्यांचे स्नेही. त्यांनी जोतीरावांनाही आमंत्रण दिलं.

आता जोतीराव म्हणजे काही फाटका माणूस नव्हे, हे लक्षात घ्या. त्यांना एकसष्टावं वर्ष चालू होतं. ते बांधकामाची कंत्राटं घेत. मांजरीला त्यांची शेती होती. पुण्याच्या नगरपालिकेत ते काही वर्षं सदस्य होते. चांगला अंगरखा, चांगली पगडी त्यांच्याकडे होतीच. तरी त्या दिवशी ते गेले शेतकऱ्याच्या वेशात. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी. चरित्रकार सांगतात, दारावरच्या पहारेकऱ्यांनी त्यांना अडवलं. बरोबरच आहे, असल्या मेजवानीला घोंगडीवाला कुठून येणार? शेवटी यजमान स्वतः पुढे आले आणि त्यांना आत घेऊन गेले.

आत सगळीकडे जरी आणि हिरे, आणि त्यात हा एक शेतकरी. जोतीराव बोलायला उभे राहिले. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता. इथं दागिने घालून बसलेली ही मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे. राणीच्या प्रजेची खरी स्थिती बघायची असेल तर जवळच्या खेड्यांमध्ये चला, शहरातल्या अस्पृश्यांच्या वस्त्यांमध्ये चला. तिथं अन्न नाही, वस्त्र नाही, शिक्षण नाही. आणि परत जाल तेव्हा तुमच्या आईला, म्हणजे राणीला, आमचा निरोप सांगा, की गोरगरिबांच्या मुलांना शिकवण्याची सोय करा.

मैत्रिणींनो, एवढंच बोलणं. पण बघा, त्यात तीन गोष्टी होत्या. पहिली, इथं कोण आलेलं नाही ते सांगितलं. दुसरी, प्रत्यक्ष येऊन बघा म्हणून बोलावणं केलं. तिसरी, एकच मागणी केली. दहा मागण्यांची यादी वाचली नाही. शिवी दिली नाही, रडगाणं गायलं नाही, आणि स्वतःच्या घरासाठी तर काहीच मागितलं नाही.

हे त्यांना त्या दिवशी अचानक सुचलं असेल का? नाही. त्याआधी चार दशकं त्यांचं तेच काम चाललं होतं. १८४८ साली त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करायला सरकारनं हंटर कमिशन नेमलं, तेव्हा जोतीरावांनी निवेदन दिलं. त्यात त्यांनी सांगितलं की सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून, आणि खर्च होतो वरच्या लोकांच्या शिक्षणावर. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांचं मागणं होतं. पुढच्या वर्षी त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिलं. त्यात शेतसारा, सावकारी, कचेरीतली लुबाडणूक, सगळं तपशिलानं मांडलं. म्हणजे मेजवानीत ते जे चार शब्द बोलले, त्यामागं चाळीस वर्षांचा अभ्यास होता. वाऱ्यावरचं बोलणं नव्हतं ते.

पाहुण्यांच्या थाटामाटाबद्दलचं त्यांचं मतही जुनंच होतं. ते नगरपालिकेत असताना व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणेभेटीसाठी शहर सजवायला एक हजार रुपये खर्च करायचा प्रस्ताव आला. जोतीराव म्हणाले, हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा. बत्तीस सदस्यांमध्ये विरोधाचं मत देणारे ते एकटे होते. हेच लिटनसाहेब १८७७च्या १ जानेवारीला दिल्लीत भव्य दरबार भरवून बसले होते. त्याच वेळी आपल्या दख्खनमध्ये दुष्काळानं माणसं आणि जनावरं मरत होती.

आणि त्याच दुष्काळातली सावित्रीबाईंची एक गोष्ट मला फार आवडते. ती आपल्या बायांना फारशी कुणी सांगत नाही. जुन्नरकडच्या ओतूरहून त्यांनी २० एप्रिल १८७७ रोजी जोतीरावांना पत्र लिहिलं. सत्यशोधक कार्यकर्ते गावोगाव दुष्काळात मदत करत होते, आणि सावकारांचा त्यांच्यावर राग होता. दंगा केल्याचा आळ आला आणि पन्नासेक कार्यकर्ते पकडले गेले. कलेक्टरनं सावित्रीबाईंना बोलावलं. त्यांनी त्याच्यासमोर उभं राहून सरळ विचारलं, की चांगल्या माणसांवर खोटा आळ घेऊन त्यांना का पकडलं? त्यांना सोडून द्या. कलेक्टर समंजस निघाला. माणसं सुटली, आणि वर त्यानं चार गाड्या ज्वारी पाठवून दिली.

१८७७ साल होतं ते, बायांनो. बाईनं उंबऱ्याबाहेर बोलायचं नाही असा तो काळ. आणि ही बाई गोऱ्या कलेक्टरपुढे उभी राहून बोलते, आणि चार गाड्या ज्वारी येते. जोतीरावांनी घोंगडी पांघरून जे केलं, ते सावित्रीबाईंनी अकरा वर्षं आधी लुगड्यात केलं होतं.

आता आपल्याकडचं बघू.

आमच्या भागातल्या एका गावात एकदा मोठे अधिकारी बचत गट बघायला येणार होते. चार दिवस आधीपासून धावपळ. रांगोळ्या, कमान, शाल-श्रीफळ. सगळ्या बायांनी एकाच रंगाच्या साड्या नेसायच्या असं गावातल्या पुढाऱ्यांनी ठरवलं, आणि त्या साड्या घ्यायला काहीजणींनी गटातूनच पैसे उचलले. विचार करा, गटाचं कर्ज कशासाठी, तर पाहुण्याला आपण चांगल्या दिसाव्या म्हणून! गावातला हातपंप दोन महिने बंद होता. बाया डोक्यावर हंडे घेऊन शिवारातल्या विहिरीवर जात होत्या. साहेब आले, पापड बघितले, चटणी चाखली, फोटो झाले. त्यांनी विचारलं, काय, कसं चाललंय? बाया एका सुरात म्हणाल्या, छान चाललंय साहेब. वीस मिनिटांत गाड्या गेल्या. संध्याकाळी त्याच साड्या बदलून बाया हंडे घेऊन विहिरीवर गेल्या.

यात साहेबांना दोष देऊन काय उपयोग? त्यांना जे दाखवलं ते त्यांनी बघितलं. हिरेमोती घालून बसलेल्या मंडळींनी ड्यूकला जे दाखवलं असतं, तेच आपण त्यांना एकसारख्या साड्यांमधून दाखवलं.

आणखी एक गाव सांगते. तिथंही असाच दौरा होता. तिथल्या ग्रामसंघाच्या बायांनी आठ दिवस आधी बैठक घेतली आणि ठरवलं की एकच गोष्ट सांगायची, अंगणवाडीची. इमारतीचं छप्पर गळत होतं, पावसात मुलं एका कोपऱ्यात बसत. एका मावशींवर बोलायचं काम सोपवलं. त्या फारशा शिकलेल्या नाहीत, पण बोलतात खणखणीत. साहेब आले तेव्हा मावशी म्हणाल्या, साहेब, चहा गरम आहे, पण त्याआधी पन्नास पावलं चालाल का? आणि त्यांना अंगणवाडीत घेऊन गेल्या. मुलं किती, छप्पर कधीपासून गळतंय, अर्ज कोणत्या तारखेला दिला, हे सगळं त्यांनी वहीतून सांगितलं. नंतर चहा दिला. काम लगेच झालं नाही, हेही सांगते. पुढे दोनतीनदा पाठपुरावा करावा लागला, एक पावसाळा तसाच गेला. पण साहेबांच्या डायरीत ती अंगणवाडी नोंदली गेली, आणि पुढच्या उन्हाळ्यात पत्रे बदलले.

मला बाया विचारतात, ताई, बोललो आणि साहेबांना राग आला तर? आमचं कर्ज अडलं तर? आमच्या गटाला काही दिलंच नाही तर? ही भीती खोटी नाही. जिला रोज त्याच कचेरीत जायचं असतं, तिला जपून राहावं लागतं. म्हणून तर एकटीनं बोलायचं नाही. ठराव करून, इतिवृत्तात लिहून, सगळ्यांच्या वतीनं बोलायचं. मग ते एकीचं गाऱ्हाणं राहत नाही, गावाचं म्हणणं होतं. जोतीरावसुद्धा तिथं जबरदस्तीनं घुसले नव्हते. यजमान त्यांचे स्नेही होते, रीतसर आमंत्रण होतं. आपणही कुणाच्या आधारानं, कुणाच्या ओळखीनं आत जातो यात लाज नाही. आत गेल्यावर काय सांगतो ते महत्त्वाचं.

आणि बोलताना मर्यादा सोडायची गरज नाही. याचं एक उदाहरण लंडनचं आहे. ५ नोव्हेंबर १९३१ रोजी बकिंगहॅम राजवाड्यात गोलमेज परिषदेच्या प्रतिनिधींसाठी चहापान होतं. राजा होता पाचवा जॉर्ज, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा नातू आणि आपल्या त्या पुण्याच्या ड्यूकचा पुतण्या. गांधीजी तिथं पंचा, शाल आणि चपला अशाच गेले. निघताना राजानं त्यांना बजावलं, की माझ्या साम्राज्यावर हल्ले झालेले मी खपवून घेणार नाही. गांधीजींनी एवढंच उत्तर दिलं, की महाराजांच्या घरचा पाहुणचार घेतल्यावर इथं राजकारणाचा वाद घालणं मला शोभणार नाही. वाद टाळला, पण आपलं म्हणणं मागं घेतलं नाही. पंचाही बदलला नाही.

त्या परिषदेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरही होते. ते मात्र नेहमी सुटाबुटात असत. तुम्ही म्हणाल, मग घोंगडी खरी की सूट खरा? मला वाटतं दोन्ही खरे. जोतीरावांकडे चांगले कपडे होते, त्यांनी शेतकऱ्यासाठी ते उतरवून ठेवले. ज्या समाजाला चांगलं कापड अंगावर घालायचीही बंदी होती, त्या समाजाचा माणूस सूट घालून राजाच्या राजधानीत उभा राहतो, तेव्हा तो सूटच बोलत असतो. राजानं त्यांच्याकडे अस्पृश्यांच्या स्थितीची चौकशी केली आणि त्यांनी ती सांगितली, असं त्यांच्या चरित्रात आहे. हेच बाबासाहेब जोतीरावांना आपल्या तीन गुरूंपैकी एक मानत.

म्हणून मी कुठल्याही बाईला असं सांगणार नाही, की पाहुणा येतोय तर जुनेरं नेसून ये. पैठणी नेसायची हौस असेल तर खुशाल नेसा, आपल्या पैशानं घेतलेली असावी एवढंच. पण अंगावर काही असलं तरी तोंडी खरं असू द्या.

आता तुम्ही विचाराल, जोतीरावांच्या बोलण्याचा उपयोग काय झाला? राणीनं काय लगेच गावोगाव शाळा काढल्या? नाही काढल्या. मेजवानीनंतर सव्वादोन महिन्यांनी, ११ मे १८८८ला, मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात लोकांनी जोतीरावांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. त्याच वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, तर त्यांनी डाव्या हातानं पुस्तक लिहिलं. २८ नोव्हेंबर १८९०ला ते गेले. सक्तीचं शिक्षण त्यांच्या डोळ्यांसमोर आलं नाही.

पण त्यांचं बोलणं ऐकणारे राजेही होते. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ जोतीरावांच्या तोंडून ऐकला होता आणि मदतही केली होती. पुढे १९०६ साली सयाजीरावांनी बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१७ साली कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी तेच केलं. आणि देशात सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१०ला. हंटर कमिशनला निवेदन दिलं १८८२ साली, मोजा किती वर्षं झाली. आज तुमची नात गणवेश घालून शाळेत जाते, त्यात त्या मेजवानीतल्या चार वाक्यांचाही वाटा आहे.

तर आता एक काम सांगते. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत, हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. उद्या गावात मोठा पाहुणा आला तर आपल्या गावातर्फे काय सांगायचं, हे ठरवा. तीन वाक्यं पुरेत. समोर बसलेल्यांमध्ये कोण नाही? विधवा बाई, ऊसतोडीला गेलेली जोडपी, वस्तीवरची माणसं? हे पहिलं. साहेबांना कुठं नेऊन काय दाखवायचं, हे दुसरं. आणि एकच मागणी, आकड्यासह आणि अर्जाच्या तारखेसह, हे तिसरं. बोलणार कोण, तेही ठरवा, आणि ती आजारी पडली तर दुसरी कोण, तेही. सचिवताईंनी हे वहीत लिहून घ्यावं आणि खाली सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्यावेत.

रांगोळी काढा, पाहुण्याला चहा द्या, पाहुणचार ही आपली रीत आहे. फक्त कुणी विचारलं, कसं चाललंय, तर वहीतली ती तीन वाक्यं तोंडपाठ असू द्या.

तुमच्या गटानं कोणती तीन वाक्यं ठरवली ते केंद्रावर नक्की कळवा. मी वाट बघते.